होडीच्या तळाची निगा : पाण्यापेक्षा उन्हाची धास्ती अधिक

भुसावळ तालुक्यातील वरणगाव परिसरात होडी म्हटली की हतनूर धरणाचे नाव ओघाने येते. तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम चांगदेव येथे होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला तापीवर हे धरण उभे आहे. ४१ दरवाजांचे हे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. पावसाळ्यात ‘हतनूरचे दरवाजे उघडले’ ही बातमी खानदेशातील वाचकांना दरवर्षी वाचावयास मिळते, आणि हिवाळ्यात याच जलाशयावर उतरणारे स्थलांतरित पक्षी पाहण्यासाठी निसर्गप्रेमींची पावले इकडे वळतात. मासेमारीसाठी असो वा पक्षीनिरीक्षणासाठी, या पाण्यावर जाण्याचे साधन म्हणजे वल्ह्याची होडी. तिच्यावर बसणारा माणूस तिचे वल्हे पाहतो, रंग पाहतो, बसण्याची फळी पाहतो. जो भाग पाण्याखाली असतो, त्याकडे मात्र होडीवाल्याशिवाय सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

होडीचे आयुष्य ठरते ते या तळावर. तळाला पाण्यामुळे इजा होते, असा सर्वसाधारण समज आहे. समुद्राच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. खानदेशात मात्र परिस्थिती वेगळी आहे. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जलाशयाचे पाणी मागे सरकते आणि काठावर राहिलेली लाकडी होडी दोन-तीन महिने कोरड्या उन्हात तापत पडते. पाण्यात असताना जी होडी थेंबभर पाणी आत घेत नव्हती, तीच पावसाळ्यानंतर पाण्यात लोटताच चाळणीसारखी गळू लागते. या भागातील होडीच्या देखभालीचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

गळक्या तळाचा खरा धोका

होडी थोडीफार गळतेच, डबा घेऊन पाणी उपसले की झाले, असे मानणारे पुष्कळ असतात. रोजच्या वापरात हे चालूनही जाते. पण आत साचलेले पाणी म्हणजे न दिसणारा भार होय. पाच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद अशा साध्या होडीत २०० लिटर पाणी साचले, तर तीन प्रौढ माणसे चढल्याइतके वजन वाढते आणि होडी सुमारे पाच सेंटीमीटर खाली बसते. पाण्याची पातळी आणि होडीचा काठ यांतील अंतर तेवढ्याने कमी होते. भरलेल्या होडीत हे अंतर मुळातच वीतभर असते, त्यामुळे पाच सेंटीमीटरही थोडे नव्हेत.

त्यातही वाईट बाब अशी की माणसे एका जागी बसतात, पाणी बसत नाही. होडी डावीकडे कलली की आतले सगळे पाणी डावीकडे धावते आणि तो कल आणखी वाढवते. वाऱ्याची एक झोत किंवा कोणाचे अचानक उभे राहणे अशा वेळी पुरेसे ठरते.

जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सणाला नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात भूषा येथे नर्मदेत भाविकांची होडी उलटून जीवितहानी झाली. तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसल्याचे त्या वेळी समोर आले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात होडी बुडून सहा जणांचा मृत्यू झाला. या दोन्ही दुर्घटनांची कारणे गर्दी आणि वादळ ही होती. तळाच्या दुरवस्थेशी त्यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु काठ आणि पाणी यांतील अंतर किती मोलाचे असते, हे त्यांवरून कळते. गळका तळ हे अंतर वादळ येण्याआधीच खाऊन टाकतो.

समुद्र आणि नदी

होडीच्या देखभालीविषयी जे सांगितले जाते, त्यातील बरेचसे समुद्रावरून आलेले आहे आणि ते जसेच्या तसे तापीवर लागू करता येत नाही. खाऱ्या पाण्यात लाकडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा जहाजकिडा. प्रत्यक्षात तो किडा नसून शिंपल्याच्या जातीचा मऊ, लांबट जीव आहे. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आतून फळी पोकळ झालेली असते. त्याच्या जोडीला शंखशिंपले तळाला घट्ट चिकटतात. म्हणून कोकणात होड्यांच्या लाकडाला मुशी माशाच्या यकृताचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची पद्धत पडली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, त्यांची डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात जायचे, हे तेथील वेळापत्रक होय.

मोठ्या जहाजांसाठी यावर तांब्याच्या पत्र्याचा उपाय निघाला. या कामाशी तापीचाही दुरून संबंध आहे. तापीच्या मुखाजवळील सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीचे कारागीर १७३६ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांच्याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागवान, नीट बसवलेले सांधे आणि सततची निगा या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे लाकूड दोन शतके टिकते, याचा तो चालताबोलता पुरावा म्हणावा लागेल.

हतनूरच्या गोड्या पाण्यात जहाजकिडा नाही आणि समुद्रातील शिंपलेही नाहीत. म्हणून तळाला तांबेयुक्त विषारी रंग लावण्याची येथे काहीच गरज नसते. दुकानदार ‘बोटीचा रंग’ म्हणून असा डबा पुढे करील, तर तो घेऊ नये. या जलाशयाचे पाणी परिसरातील गावांना पिण्यासाठी आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. होडीच्या तळावरील विष अखेर त्याच पाण्यात उतरणार. सागरी जहाजांच्या रंगातील कथिलाची सेंद्रिय संयुगे जलचरांना इतकी घातक ठरली की २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांवर बंदी घालावी लागली.

एका बाबतीत मात्र गोडे पाणी खाऱ्यापेक्षा वाईट असते. लाकूड कुजवणारी बुरशी मिठाला भिते. जुन्या लाकडी जहाजांत फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवीत, ते याचसाठी. पावसाचे गोडे पाणी होडीच्या कोपऱ्यात साचून राहिले की तेथे कुजण्यास प्रारंभ होतो. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या पुढे गेला आणि हवा मिळाली की बुरशीचे काम सुरू होते. सतत पाण्याखाली राहणारी फळी त्या मानाने सुरक्षित असते, कारण तेथे हवा पोहोचत नाही. कुजण्याची जागा बहुधा पाण्याच्या रेषेच्या वर, फळ्यांच्या टोकांशी आणि आतील आडव्या लाकडांच्या खाली सापडते.

लाकूड किती आकसते

सागाचे लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. पूर्ण ओले लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंत कापणीच्या दिशेनुसार अडीच ते सहा टक्क्यांपर्यंत आकसते. सागवान त्यातल्या त्यात कमी आकसणारे म्हणून नावाजलेले आहे. आंबा किंवा इतर हलक्या लाकडांची गोष्ट याहून बिकट. वीस सेंटीमीटर रुंदीची सागवानी फळी पाण्यातून काढून मे महिन्याच्या उन्हात टाकली, तर ती दोन ते चार मिलिमीटरांनी अरुंद होऊ शकते. तळाला अशा सहा-सात फळ्या असतील, तर प्रत्येक सांध्यात बोटाचे नख जाईल एवढी फट पडते. सांध्यात भरलेला जुना भराव कोरडा पडून गळून जातो. फळी मध्ये चिरते. खिळ्याची पकड सैल होते. रंगाला भेगा पडतात आणि त्यांतून पुढच्या पावसाचे पाणी लाकडात शिरते.

म्हणूनच होडी काठावर काढल्यावर कोठे व कशी ठेवली जाते, याला रंगरंगोटीपेक्षा अधिक महत्त्व द्यावयास हवे. होडी पालथी घालावी. ती जमिनीला टेकू नये, खाली लाकडाचे ओंडके द्यावेत आणि हे ओंडके केवळ दोन टोकांना न देता मध्येही द्यावेत. नुसत्या टोकांवर टेकलेली होडी आपल्याच वजनाने मध्ये वाकते आणि तिचा मूळ आकार बिघडतो. बाभळीच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर कडब्याचे किंवा पऱ्हाटीचे छप्पर तरी घालावे. प्लॅस्टिकचा कागद अंगाला घट्ट गुंडाळू नये. त्याच्या आत दिवसा वाफ धरते आणि रात्री तेच पाणी लाकडावर उतरते. छप्पर आणि होडी यांमध्ये वारा खेळता राहिला पाहिजे. दीर्घकाळ होडी काठावर राहणार असेल, तर तळावर ओली पोती टाकून ती आठवड्यातून काही वेळा भिजवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. यातही अतिरेक टाळावा, कारण महिनोन्‌महिने सडलेले गोणपाट लाकडालाही सडवते.

साफसफाई ओलेपणीच

तळावरचे शेवाळ होडी पाण्याबाहेर काढल्याबरोबर काढावे. ओले असताना ते काथ्याच्या कुंच्याने दोन हातांत निघते. तेच उन्हात वाळले की सिमेंटसारखे धरून बसते आणि मग खरवडताना लाकूडही सोलले जाते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती वाहून येत असल्याने येथील गाळ अतिशय बारीक आणि चिकट असतो. तो बाहेरच्या बाजूला शेवाळात मुरतो आणि आतल्या बाजूला फळ्यांच्या कोपऱ्यांत थर धरतो. आतील गाळाकडे बहुधा दुर्लक्ष होते, वास्तविक घातक तोच असतो. तो ओल धरून ठेवतो, बुरशीला जागा देतो आणि सांध्यातील गळती झाकून टाकतो. गाळ धुऊन काढल्यावर होडी अचानक गळू लागली, असा अनुभव आल्यास दोष धुण्याचा नसतो. गळती आधीपासूनच असते आणि मातीने ती तात्पुरती बुजवलेली असते.

साफसफाईसाठी साधे पाणी, काथ्याचा कुंचा आणि बांबूची धारदार चीप एवढी सामग्री पुरते. तेलकट डाग असतील तर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा मिसळावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. पोलादी तारेचा ब्रश लाकडावर वापरू नये. तो मऊ भाग ओरबाडून काढतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या हंगामात शेवाळ तेथेच अधिक घट्ट धरते. शिवाय तारेचे तुटलेले तुकडे लाकडात अडकून गंजतात. धुण्याचे काम पाण्याच्या काठापासून थोडे दूर करावे, म्हणजे जुन्या रंगाचे पापुद्रे जलाशयात जाणार नाहीत.

होडी एका जलाशयातून दुसऱ्या जलाशयात न्यायची असेल, तर ही सफाई आणखी काटेकोरपणे करावी लागते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने महाराष्ट्रातील कितीतरी नद्या आणि तलाव व्यापले आहेत. तिचा मुळासकट एखादा तुकडा होडीच्या कोपऱ्यात अडकून नव्या पाण्यात गेला, तरी तेथे तिचा प्रसार होण्यास तो पुरेसा असतो. होडी धुऊन, आतले पाणी ओतून टाकून आणि ती सुकवून मगच दुसऱ्या पाण्यात उतरवणे योग्य.

टोचून पाहण्याची तपासणी

तळ स्वच्छ झाल्यावर खरी तपासणी सुरू होते. तिला डोळ्यांपेक्षा टोचा अधिक उपयोगी पडतो. चामड्याच्या कामासाठी वापरतात तशी आरी घेऊन फळीच्या टोकांशी, सांध्यांच्या बाजूंना आणि खिळ्यांभोवती हलकेच टोचून पाहावे. निरोगी सागवानात आरीचे टोक शिरत नाही. ते सहज आत गेले आणि बाहेर काढताना लाकडाचा भुगा आला, तर तेथे कुज लागली आहे. सागाच्या गाभ्याचे लाकूड कुजण्याला चांगला विरोध करते. त्याच झाडाचा बाहेरचा पांढरट भाग मात्र करीत नाही. स्वस्तात मिळालेल्या सागवानी फळीत हा पांढरा पट्टा असेल, तर कुज बहुतेक तेथूनच सुरू होते.

तळाच्या मध्यभागी लांबीभर बसवलेले मुख्य लाकूड, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, ते काठावर ओढताना दगडांवर घासून झिजते. त्यावर एखादी लोखंडी पट्टी किंवा टाकाऊ लाकडाची पट्टी बसवून ठेवली, तर झिजते ती पट्टी, आणि ती बदलता येते. हा खर्च फार नाही. तरीही तो टाळून पुढे सबंध लाकूड बदलण्याची वेळ ओढवून घेतली जाते.

खिळ्यांची गोष्ट वेगळी आहे. साधा लोखंडी खिळा ओल्या लाकडात गंजतो, फुगतो आणि भोवतालचे लाकूड काळे व ठिसूळ करून टाकतो. खिळ्याभोवती काळे वर्तुळ दिसले की आत काय झाले असेल याची कल्पना करता येते. माळव्यातील भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असे सांगितले आहे. समुद्रातील चुंबकीय खडक लोखंडाला ओढून घेतील, हे त्याचे कारण दिलेले आहे. कारण कल्पनेतील असले तरी सल्ल्यात तथ्य आहे. आज तांब्याचे किंवा निदान जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरावेत. जुना गंजका खिळा उपटून त्याच छिद्रात नवा ठोकला तर तो धरत नाही. छिद्रात लाकडाची गोल खुंटी गोंदाने बसवून, तिच्या शेजारी नवे छिद्र पाडणे हा योग्य मार्ग होय.

सांधे बुजवणे

सांध्यांचे काम हे साऱ्या दुरुस्तीतील सर्वांत नाजूक काम आहे आणि त्यात घाई करणाऱ्याची होडी हमखास बिघडते. जुना, कोरडा पडलेला भराव आधी आकड्याने ओढून काढतात. नंतर सुताचा सैल पिळलेला दोरा तेलात भिजवून सांध्यात घालतात आणि बोथट छिन्नी व लाकडी हातोडा यांनी हलक्या ठोक्यांनी दाबत जातात. खानदेशात कापसाला तोटा नाही, तेव्हा यासाठी साहित्य शोधत फिरण्याची गरज नसते. दोरा सांध्याच्या तोंडापासून थोडा आत बसला पाहिजे. उरलेल्या खाचेत राळ आणि तेल एकत्र तापवून केलेला भराव किंवा बाजारात मिळणारी लांबीसारखी पुट्टी भरतात.

चूक होते ती येथे. मे महिन्यात फळ्या आकसलेल्या असताना फट मोठी दिसते आणि ती पूर्ण भरावी असा मोह होतो. दोरा ठासून भरला जातो, वरून डांबर ओतले जाते आणि काम चोख झाल्यासारखे दिसते. पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगू लागतात. त्यांना फुगायला जागाच उरलेली नसते. मग एकतर फळीच्या कडा चिरडतात किंवा फळी आतील आडव्या लाकडांपासून खिळ्यांसकट उचलली जाते. आणखी बरेच दिवस गळती होते ती वेगळीच, आणि आता तिचे कारणही सापडत नाही.

म्हणून सांधे भरण्याआधी लाकडाला पाणी पाजावे लागते. होडीच्या आत व बाहेर ओली पोती टाकून चार-आठ दिवस ती भिजत ठेवावी, फळ्या फुगून बहुतेक फटी आपोआप मिटतात. मग सावलीत वरचा पृष्ठभाग सुकू द्यावा आणि ज्या फटी तरीही उरल्या असतील तेवढ्याच भराव्यात. होडी जुनी असेल तर दोन-तीन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवण्याचीही रीत आहे. बघणाऱ्याला बुडालेली होडी दिसते. होडीवाल्याच्या दृष्टीने तो उपचार असतो.

तेल, रंग आणि एक सावधगिरी

उघड्या लाकडाला आधी तेल, मग रंग, हा क्रम पाळावा. जवसाचे तेल यासाठी पूर्वापार वापरले जाते. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत धरून राहते. पातळ थर देऊन तो पूर्ण सुकल्यावर दुसरा द्यावा. एकदम जाड थर दिल्यास वरून साय धरते आणि आत चिकट राहते. फळ्यांची कापलेली टोके सर्वाधिक पाणी पितात. त्यांना तेलाचे एक-दोन हात जास्त द्यावेत. त्यावर अस्तर आणि मग तैलरंगाचे दोन हात दिले की पुरे. दगडी कोळशाचे डांबर अजूनही वापरात आहे. ते स्वस्त आणि चिवट असले तरी त्वचेला अपायकारक आहे. शिवाय काळा तळ उन्हात अधिक तापतो. काठावर पालथ्या घातलेल्या होडीच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. फिकट रंगाचा तळ खानदेशच्या उन्हाळ्यात लाकडाला निश्चितच सोयीचा.

रंगकाम भर दुपारी करू नये. तापलेल्या फळीवर रंग आत मुरण्यापूर्वीच सुकतो आणि पुढे पापुद्र्याने निघतो. सकाळची वेळ उत्तम. जुना रंग खरवडताना नाकातोंडावर कापड बांधावे व पृष्ठभाग ओला करून घासावे. पूर्वी अस्तरासाठी शेंदूर तेलात खलून लावीत. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. त्याची धूळ श्वासातून जाणे घातक असते.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून एका ढिगात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ढिगात ती बाहेर पडू शकत नाही आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. सुतारकामाच्या कारखान्यांत यामुळे आगी लागलेल्या आहेत. काम झाल्यावर चिंध्या एकेक करून मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. कडब्याच्या छपराखाली काम चालले असेल, तर हे विसरून चालणार नाही.

पत्रा आणि फायबर

लाकूड महागल्याने अनेक जलाशयांवर पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांचे सांधे उन्हाने उघडत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा. पत्र्याच्या होडीत गंज सर्वाधिक धरतो तो पाण्याच्या रेषेवर आणि आत गाळ साचतो त्या जागी. गंज पोलादी ब्रशने (येथे तो चालतो) पूर्ण काढून, पत्रा कोरडा करून रेड ऑक्साइडचे अस्तर व त्यावर रंग द्यावा. गंजावरच रंग फासणे म्हणजे तो झाकून वाढू देणे. पत्रा किती उरला आहे हे लहान हातोडीने ठोकून कळते. जाड पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द आवाज देतो.

फायबरच्या होडीला काहीच करावे लागत नाही, हा गैरसमज आहे. तिच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला खरचटले की पाणी आतील काचतंतूंच्या थरात शिरते. फोड येतात आणि थर सुटू लागतात. खरचट दिसताच तेवढा भाग घासून, पूर्ण वाळवून राळेने भरून घ्यावा. ओलसर असताना लावलेली राळ धरत नाही. ऊन फायबरलाही सोडत नाही. कालांतराने पृष्ठभाग खडूसारखा पांढरा पडतो, तो मेणाच्या पॉलिशने रोखता येतो. बूड घासण्यासाठी वाळू किंवा भांडी घासण्याची तार मात्र वापरू नये.

शर्यतीच्या होड्या

वल्ह्याच्या होडीचे दुसरे टोक पाहावयाचे तर पुण्यास जावे लागते. तेथील रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ मध्ये आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात सैन्यदलाचे रोइंग प्रशिक्षण केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, पुण्यात वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी प्रकारात तेराव्या स्थानापर्यंत पोहोचला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळवले.

अशा एकेरी होडीचे नियमानुसार किमान वजन फक्त १४ किलो असते. तिला होणाऱ्या पाण्याच्या विरोधापैकी सुमारे चार पंचमांश विरोध हा तळाच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणाचा असतो. त्यामुळे हतनूरच्या होडीवर चालून जाणारा शेवाळाचा पातळ थर येथे शर्यत घालवू शकतो. प्रत्येक सरावानंतर होडी साध्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने पुसून, सावलीत मांडणीवर पालथी ठेवली जाते. पुण्याच्या नद्यांत सांडपाणी मिसळत असल्याने ही धुलाई टाळता येत नाही. तळाला विशेष द्रव्ये किंवा बारीक खाचांचे पापुद्रे लावून पाणी फसवण्याचे प्रयोग परदेशांत झाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना मनाई केली. तळ स्वच्छ ठेवणे एवढीच सवलत सर्वांना सारखी आहे. गंमत अशी की कार्बनच्या या महागड्या होडीलाही ऊनच अधिक बाधते. काळा पृष्ठभाग तापून आतील मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचे थर सुटू शकतात.

पाण्यात उतरवताना

केंद्र सरकारने १९१७ चा जुना कायदा बदलून २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा केला. त्यात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या स्थानिक पातळीवरील नोंदणीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कागदोपत्री तपासणी अधूनमधून होईल. होडीवाल्याला तळ त्याहून अधिक वेळा पाहावा लागतो.

दुरुस्त केलेली होडी पहिल्याच दिवशी माणसे घेऊन खोल पाण्यात नेऊ नये. ती रिकामी, काठाजवळ गुडघाभर पाण्यात रात्रभर बांधून ठेवावी. आत पाणी कोठवर आले, याची खूण सकाळी खडूने करावी, पाणी उपसून पुन्हा तितकाच वेळ थांबावे. दुसरी खूण पहिल्यापेक्षा बरीच खाली असेल तर फळ्या फुगत आहेत आणि आणखी एक-दोन दिवसांत गळती थांबेल. खूण तेथेच राहिली, तर आत खडूची भुकटी किंवा कोरडी राख भुरभुरावी. ओल प्रथम जेथे उमटते, तो सांधा पुन्हा उघडावा लागतो. त्यासाठी होडी परत काठावर ओढणे जिवावर येते, पण हे काम हतनूरचे दरवाजे उघडण्याच्या दिवसांत काढू नये.